किट लेन्स फेकून देण्याआधी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून सारांश असा. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी आयुष्यातला पहिला डीएसएलआर घेतला, निकॉनचा डी५६००, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्ससह. फोटोचे विषय तीन: नऊ वर्षांच्या मुलीचा नाच, बाल्कनीसमोरच्या झाडावर येणारे पक्षी, आणि ऐंशीकडे झुकलेली आई, जी दुपारभर विणत बसते. दिवसा बाहेर फोटो छान येतात. संध्याकाळी घरात आणि नाचाच्या हॉलमध्ये मात्र जवळजवळ सगळे हलतात, आणि पक्षी ठिपक्याएवढा दिसतो. एक लेन्स घेता येईल इतके पैसे त्यांनी बाजूला टाकले आहेत, पण सल्ले मात्र चार मिळाले आहेत. एक मैत्रीण म्हणते, किट लेन्स म्हणजे खेळणं, ती आधी फेकून दे. भाऊ म्हणतो, १८-३०० घेऊन टाक, लेन्स बदलायची कटकटच नको. दीर म्हणतात, घ्यायची तर फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचीच घ्या, उद्या कॅमेरा बदलला तरी कामी येईल. ऑफिसातला सहकारी त्याच्याकडची जुनी ५० मिमी एफ/१.८ डी अगदी कमी पैशांत द्यायला तयार आहे. वर धास्ती ही की डीएसएलआरचे दिवस संपत आलेत, मग पैसे घालावेत का? शेवटी त्या लिहितात: ‘लेन्स एकदाच घ्यायची आहे, चूक परवडणार नाही. आणि खरं सांगा, दोष लेन्सचा आहे की माझ्या हाताचा?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लिहिताना तुम्हाला जड गेलं असणार. उन्हात तुमचे फोटो चांगले येतात असं तुम्हीच लिहिलं आहे. हात तोच, लेन्सही तीच. म्हणजे संध्याकाळी बदलतो तो उजेड. तेव्हा हाताबद्दलची शंका तूर्त सोडा. उजेड कमी पडला की कॅमेरा काय करतो आणि त्यावर कोणती लेन्स कितपत इलाज आहे, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

त्यासाठी एक काम करा. संध्याकाळचे आणि हॉलमधले बिघडलेले पन्नासेक फोटो संगणकावर उघडा. खोडले असतील तर या आठवड्यात नवे काढा, मुद्दाम बिघडू द्या. प्रत्येक फोटोच्या माहितीत तीन आकडे दिसतील: शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडलं), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता). फोकल लेंग्थही दिसेल, म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते तो मिमीमधला आकडा. मग फोटो पूर्ण मोठा करून बघा की नेमकं काय अस्पष्ट आहे. सगळंच, अगदी मागची भिंत आणि खुर्चीसुद्धा एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. भिंत, खुर्ची स्वच्छ आणि मुलीचे फक्त हात-पाय पुसट, तर मुलगी हलली. मुलगी पुसट पण तिच्या मागचा पडदा काटेकोर, तर फोकस चुकीच्या जागी बसला. आपण तिन्हींना सरसकट ‘फोटो हलला’ म्हणतो, आणि इलाज मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

कॅमेरा हलत असेल तर किट लेन्समधल्या व्हीआरचा, म्हणजे कंप आवरणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग होतो. तुमच्या लेन्सच्या नावात ‘व्हीआर’ आहे का ते बघा, कारण याच लेन्सची व्हीआर नसलेली आवृत्तीही आहे. हाताने धरून काढताना जुना आडाखा असा, की शटर स्पीड निदान फोकल लेंग्थइतका तरी हवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं, म्हणजे ५५ मिमीला १/८० सेकंदाच्या आसपास. व्हीआर असेल तर याहून बरंच खाली जाता येतं. पण व्हीआर तुमचा हात आवरतो, मुलीची गिरकी आवरत नाही. हे इतक्या जणांना उशिरा कळतं की मुद्दाम सांगते आहे. नाचणारं मूल थांबवायचं तर १/२५० तरी लागतो, जलद नाचाला १/५००. तुमचे हॉलमधले फोटो १/३० किंवा १/४०ला निघाले असतील, असा माझा अंदाज आहे.

फोकस चुकत असेल तर नवी लेन्स घेऊन काहीच साधणार नाही, उलट जास्तच चुकेल. डी५६००मध्ये ३९ फोकस पॉइंट आहेत. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बहुतेक वेळा जवळची किंवा ठळक वस्तू पकडतो. एकच पॉइंट स्वतः निवडायला शिका आणि तो डोळ्यावर ठेवा. हलत्या विषयासाठी ऑटोफोकस ‘एएफ-सी’वर ठेवा, म्हणजे बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा सतत फोकस करत राहतो. अंधुक जागी मधले पॉइंट जास्त भरवशाचे असतात.

आता ‘एकदाच घ्यायची आहे’ याकडे येते. मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे, चार सल्ल्यांत नाही. एकदाच घ्यायची म्हटलं की आपण अशी लेन्स शोधायला लागतो जी नाच, पक्षी, आई आणि उद्या सुचेल तेही सगळं करेल. तशी लेन्स बनत नाही, कारण या गरजा एकमेकींच्या आड येतात. लांबचं जवळ आणणारी आणि भरपूर उजेड आत घेणारी लेन्स हवी तर काच मोठी लागते. पक्ष्यांचे व्यावसायिक फोटोग्राफर जी मोठी टेली घेऊन फिरतात तिचं वजन किलोंमध्ये असतं, ते याच कारणामुळे. हलकी, आवाक्यातली लेन्स एक गुण देते आणि दुसरा काढून घेते. त्यापेक्षा प्रश्न असा विचारा: या वर्षात मला कोणता फोटो हवा आहे, जो आज हुकतोय? जपून वापरलेली लेन्स पुढे विकता येते. पुढच्या वर्षी आवड बदलली तर तीही बदलेल.

तुमच्या पत्रात तीन विषय आहेत, पण तुम्ही नाचाबद्दल आठ ओळी लिहिल्यात, आईबद्दल सहा आणि पक्ष्यांबद्दल दीड. मी या ओळींनाच धरून पुढचं सांगते. तुमचं मन घरात आहे, आणि घरात कमी पडतो तो उजेड.

उजेडाचा हिशेब एकदा नीट बघू, कारण अ‍ॅपर्चरचे आकडे उलटे असल्याने सगळ्यांचाच गोंधळ होतो. किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५पर्यंत उघडते, ५५ला फक्त एफ/५.६पर्यंत. आकडा लहान, तोंड मोठं. आणि उजेड आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. एफ/५.६च्या मानाने एफ/१.८ला जवळपास साडेनऊ-दहा पट उजेड आत येतो. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये ५५ मिमीला, त्याच आयएसओवर, १/१५ मिळत असेल तर एफ/१.८च्या लेन्सने १/१२५च्या पुढे जाता येईल. त्यावर आयएसओ एक पायरी चढवला, म्हणजे दुप्पट केला, की १/२५० हाती आलं. तोच फोटो, तीच मुलगी, आणि पाय दिसतील. बहुतेक महागड्या झूमनाही एवढी उडी जमत नाही, कारण झूम लेन्स सहसा एफ/२.८शी थांबतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुमची पुढची लेन्स एफ/१.८ची एक साधी प्राइम असावी. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची. या लेन्स लहान, हलक्या आणि मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्त असतात. निकॉनच्या तुमच्या कॅमेऱ्यासाठी दोन सरळ पर्याय आहेत: एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी, किंवा एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी. दोन्ही २०० ग्रॅमच्या आसपास.

३५ की ५०, यावर लोक भांडतात. भांडण तुमच्या खोलीच्या लांबीवर सोपवा. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून बसवायचा तर ३५ मिमीला सुमारे तीन मीटर मागे जावं लागतं. ५० मिमीला सव्वाचार मीटर. घराच्या बऱ्याच खोल्यांत सव्वाचार मीटर मागे सरताना पाठ भिंतीला लागते. उलट, खुर्चीत बसलेल्या माणसाचा छातीपर्यंतचा फोटो ५०ने फार छान येतो. चेहरा भरून दिसायला नाकाशी जाऊन उभं राहावं लागत नाही, आणि फार जवळून काढल्यावर नाक मोठं दिसतं तो प्रकार टळतो. चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतरामुळे. जास्त फोकल लेंग्थ आपल्याला लांब उभं राहू देते, एवढंच.

पैसे देण्याआधी हे घरच्या घरी तपासून बघा. किट लेन्स ३५वर आणा आणि झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. आठवडाभर ती रिंग हलवायची नाही, पायांनी पुढे-मागे व्हायचं. पुढच्या आठवड्यात तीच पट्टी ५०वर, म्हणजे ५५च्या किंचित अलीकडे. फोटो पुसट आले तरी चालेल, आपण चौकट तपासतो आहोत. नाचाच्या हॉलमध्ये तुम्हाला कुठे बसू देतात, तिथून मुलगी केवढी दिसते, हेही कळेल. पंधरा दिवसांनी उत्तर तुमच्याकडे असेल आणि ते माझ्या उत्तरापेक्षा खरं असेल. आणखी एक: आजवरचे तुमचे आवडते शंभर फोटो काढून त्यांची फोकल लेंग्थ बघा. बहुतेक ३०-४०च्या दरम्यान असतील तर ३५, सगळे ५५ला टेकलेले असतील तर ५०. हा उपाय कुठल्याही कंपनीचा कॅमेरा असलेल्या प्रत्येक नवशिक्याला मी सांगते.

अंदाजच करायचा झाला तर मी तुम्हाला ३५ सुचवेन. घरात ती जास्त वेळ कॅमेऱ्यावर राहील. पण हॉलमध्ये लांब बसावं लागत असेल तर ५०.

या लेन्सने सुरुवातीला निराशा होऊ शकते, ती आधीच सांगून ठेवते. एफ/१.८ला स्पष्टतेची पट्टी फार अरुंद असते. ५० मिमीने दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत पुढे-मागे मिळून जेमतेम सहा-सात सेंटिमीटरच काटेकोर येतं. आईने मान थोडी वळवलेली असेल तर एक डोळा लखलखीत आणि दुसरा मऊ येईल. मागचं धूसर होणं सगळ्यांना आवडतं, मलाही. पण दोन माणसं शेजारी बसली की एफ/४ला या, आणि एकट्या चेहऱ्यालाही उजेड असेल तर एफ/२.८ बघा. मोठं अ‍ॅपर्चर तुमच्याकडे आहे म्हणून दर वेळी तेवढंच उघडलं पाहिजे असं नाही.

आता सहकाऱ्याची ५० मिमी एफ/१.८ डी. त्यांची भावना चांगली आहे आणि लेन्सही चांगली आहे, पण ती घेऊ नका. निकॉनच्या जुन्या ‘एएफ’ आणि ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती मोटर कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी३०००, डी५००० मालिकांतल्या बॉडीमध्ये, म्हणजे तुमच्या डी५६००मध्येही, ती दिलेलीच नाही. लेन्स बसेल, उजेड मोजला जाईल, अ‍ॅपर्चरची रिंग २२वर लॉक केली की फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बसल्याचा हिरवा ठिपका दिसतो, त्याच्या आधाराने शांत बसलेल्या आईचा फोटो जमेल. एफ/१.८ला नाचणाऱ्या मुलीवर हाताने फोकस करणं मुरलेल्या माणसालाही अवघड जातं. तुम्हाला पुन्हा वाटेल की दोष हाताचाच. निकॉनच्या या बॉडींसाठी लेन्स घेणाऱ्या सगळ्यांनी नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे याची खात्री करावी. सिग्मा, टॅमरॉनची लेन्स असेल तर तिच्यात मोटर आहे ना, हे विचारून घ्यावं. एएफ-पी लेन्स निकॉनच्या काही जुन्या बॉडींवर चालत नाहीत, तुमच्यावर चालतात.

भावाच्या १८-३००बद्दल माझ्या मनात राग नाही. एकच लेन्स लावून दिवसभर भटकणाऱ्या माणसाला, धुळीत लेन्स बदलायची भीती वाटणाऱ्याला ती खरंच सुख देते. पण तिचं तोंड ३००ला एफ/६.३ आहे आणि घरातल्या फोकल लेंग्थांना किट लेन्सच्याच आसपास. तुमची संध्याकाळ तिने उजळणार नाही, आणि पैसे संपलेले असतील.

दिरांचा सल्ला दूरदृष्टीचा वाटतो, पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे, की तुम्ही उद्या फुल फ्रेम घेणारच. घ्याल का? बहुतेक जण घेत नाहीत, आणि त्यांचं काही अडत नाही. शिवाय फुल फ्रेमसाठी बनवलेली २४-७० तुमच्या कॅमेऱ्यावर लावली तर ती ३६पासून सुरू झाल्यासारखी दिसेल. खोलीतली सगळी माणसं एका चौकटीत मावणार नाहीत, ते वाइड, म्हणजे रुंद दृश्य, हातचं जाईल आणि वजन मानेवर येईल. जो कॅमेरा आपल्याकडे नाही त्याच्यासाठी आज लेन्स घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ५० मिमी एफ/१.८जी फुल फ्रेमवरही चालते हे खरं, पण ती घ्यायचं कारण ते नसावं.

पक्ष्यांविषयी थोडं वेगळं बोलू. पंधरा सेंटिमीटरचा एखादा पक्षी दहा मीटरवर बसला आहे असं धरा. ५५ मिमीने त्याची प्रतिमा सेन्सरवर एक मिलिमीटरही भरत नाही. तुमच्या फोटोच्या रुंदीत सहा हजार पिक्सेल आहेत, त्यातले जेमतेम दोनशे त्या पक्ष्याच्या वाट्याला येतात. हाच तुमचा ठिपका. ३०० मिमीने तो साडेअकराशेच्या घरात जाईल. बरा, पण चौकटीचा पाचवा हिस्साही नाही. आता तोच पक्षी ३०० मिमीनेच पण चार मीटरवर आला तर अठ्ठावीसशेच्या वर पिक्सेल, जवळजवळ अर्धी चौकट. म्हणून पक्ष्यांच्या फोटोत लेन्सइतकीच धीर धरून बसण्याची सवय मोलाची. बाल्कनीच्या कठड्यापासून तीन-चार मीटरवर पाण्याचं उथळ भांडं ठेवता आलं, पडद्याआड स्थिर बसता आलं, तर तुम्ही लेन्स न बदलता निम्मं काम करून बसाल. आणि हे पुढचे सहा महिने करून बघाच. रोज सकाळी तिथे बसावंसं वाटतंय असं लक्षात आलं, तर पुढची लेन्स एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिमी व्हीआर. हिचीही व्हीआर नसलेली, अगदी सारख्या नावाची जुळी आहे. ३०० मिमीला हाताचा लहानसा कंपही मोठा दिसतो, तेव्हा व्हीआरवालीच घ्या.

डीएसएलआरचे दिवस संपत आलेत का? नव्या लेन्सच्या बाबतीत, हो. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवे माउंट (लेन्स जिथे बसते ती खाच) आणले आणि त्यांचा सगळा भर आता तिकडे आहे. पण निकॉनचा एफ माउंट १९५९चा आहे, कॅननचा ईएफ १९८७चा. इतक्या वर्षांच्या लेन्स जगात पडून आहेत आणि लोक मिररलेसकडे वळताना त्या विकतायत. शिकणाऱ्याला यासारखा चांगला काळ नाही. तुमची एएफ-एस लेन्स पुढे निकॉनच्या झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालेल. ‘डी’ लेन्सला तिथेही ऑटोफोकस नाही. कॅननच्या ईएफ, ईएफ-एस लेन्सही अडॅप्टरने त्यांच्या मिररलेसवर चालतात. तेव्हा या धास्तीपायी थांबू नका.

प्राइम वापरलेली घेतलीत तर पैसे वाचतील, पण उघडून बघा. या बाबतीत मी स्वतः पोळलेली आहे. एक सुंदर दिसणारी लेन्स बाहेरून चकचकीत म्हणून घेतली, आणि घरी आल्यावर टॉर्च धरला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणाऱ्यालाही ते माहीत नसावं. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, फोटोत दिसत नाहीत. धाग्यासारखी नक्षी म्हणजे बुरशी, आणि दुधाळ पटल म्हणजेही नाही म्हणायचं. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसायला नको. स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावा, जवळ-लांब चार ठिकाणी फोकस करून बघा, मोटर अडखळते का ऐका. छापील कागदाचा चौकट भरून एक फोटो सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला काढा आणि चारही कोपरे सारखे मऊ आहेत का बघा. एकच बाजू जास्त पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. चामड्याच्या बंद पिशवीत ओल धरते.

फिल्टरपेक्षा आधी हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायची झडप, घ्या. बाजूचा प्रखर उजेड अडवतो आणि लेन्स टेकली, आपटली तर पहिला धक्का झेलतो.

कॅनन वापरणाऱ्यांनी वरचं सगळं तसंच धरावं, फक्त आकडे थोडे बदलतात. त्यांच्या लहान सेन्सरचा गुणक १.६ आहे. ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही घरातल्या चेहऱ्यांसाठी, ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही खोली लहान असणाऱ्यांसाठी. ईएफ, ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे ‘डी’सारखा पेच नाही. पण ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, हे लक्षात असू द्या. आणि ज्यांचे हुकणारे फोटो इमारतींचे, खोल्यांचे, डोंगरांचे आहेत, ज्यांना मागे सरायला जागाच उरत नाही, त्यांनी प्राइमच्या मागे न लागता १०-१८ किंवा १०-२० मिमीची वाइड झूम बघावी. त्यांचं दुखणं उजेडाचं नाही.

लेन्स येईपर्यंत दोन महिने तरी जातील, तोवर हॉलमध्ये एक करून बघा. झूम १८-२४च्या दरम्यान ठेवा, जिथे लेन्स जास्त उघडते. एफ/३.५ला ५.६च्या अडीच पट उजेड मिळतो, तो असा सोडून देऊ नका. शक्य तेवढं जवळ बसा. शटरला प्राधान्य देणाऱ्या ‘एस’ मोडवर १/२५० ठेवा, आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा ६४००. फोटोत दाणे दिसतील. दिसू द्या. दाणेदार फोटोत मुलगी असते, पुसट फोटोत नसते. आणि प्रत्येक गिरकीत शरीर क्षणभर थबकतं, हात टोकाला पोहोचतात तिथे. तुम्ही तिची आई आहात, तिचा नाच तुम्हाला पाठ आहे; तो क्षण कधी येणार हे तुम्हाला इतर कुणाही आधी कळेल. तिथे बटण दाबा.

किट लेन्स फेकायची, यावर मी अजून काही बोलले नाही. पत्राच्या मध्यावर तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात, की आईच्या विणणाऱ्या हातांचा एक फोटो मला मनासारखा हवा आहे, बोटं, सुया आणि लोकर, बाकी काही नाही. ३५ मिमीची प्राइम ३० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, ५० मिमीची तर ४५च्या आत नाही. तुमची १८-५५ थेट २५ सेंटिमीटरपर्यंत जाते, तीही ५५ मिमीला, म्हणजे हात चौकट भरून टाकतील. आई दुपारी विणत बसते. खुर्ची खिडकीशी सरकवा, ऊन थेट अंगावर येणार नाही अशी, खिडकी तिच्या बाजूला राहील. वरचे दिवे बंद करा. एफ/५.६, एकच फोकस पॉइंट, तो सुईच्या टोकाजवळच्या बोटावर. दोन-चार ओळी विणून होईपर्यंत नुसत्या शेजारी बसा, म्हणजे ती कॅमेरा विसरेल. मग पंचवीस-तीस फोटो काढा. त्यातला जो आवडेल तो मला पाठवा. सोबत मैत्रिणीलाही पाठवा, कोणत्या लेन्सने काढला ते लिहून.